परदेशी विद्यापीठाची निवड : मागील पिढ्यांचा अनुभव

ज्येष्ठ महिना लागला आणि परीक्षांचे निकाल हाती आले, की आमच्या ज्ञातिसंस्थेच्या शिक्षण समितीकडे पालकांची ये-जा सुरू होते. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असत. मुलास मुंबईच्या वसतिगृहात जागा मिळेल काय, पुस्तकांस साहाय्य होईल काय, मुलीस रोज गाडीने पाठवावे की पालघरच्या महाविद्यालयातच घालावे, इत्यादी. गेल्या काही वर्षांत ह्या प्रश्नांचे रूप पालटले आहे. आता पालक येतात ते गुळगुळीत कागदावर छापलेल्या रंगीत माहितीपुस्तिका घेऊन. त्यांवर हिरवळ, मनोरे आणि हसतमुख विद्यार्थ्यांची चित्रे असतात. खुर्चीवर बसत ते म्हणतात, "मंडळी, ह्या तिन्हींतले चांगले विद्यापीठ कोणते, तेवढे सांगा. बाकी आम्ही पाहून घेतो."

हा प्रश्न आम्हांस नेहमीच अवघड वाटत आला आहे. एकदा आम्ही त्याचे उत्तर फार चटकन दिले आणि ते चुकले. ती हकीकत पुढे येईलच. त्या चुकीनंतर समितीतील आम्ही चार-पाच जणांनी ठरविले, की आपल्या महाराष्ट्रातील जी माणसे सव्वाशे-दीडशे वर्षांत विद्येसाठी समुद्रापार गेली, त्यांनी आपापली विद्यापीठे कशी निवडली हे एकदा नीट पाहावे. त्या वाचनातून जे हाती लागले ते ह्या स्मरणिकेच्या निमित्ताने ज्ञातिबांधव आणि भगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आपल्या मुलखाविषयी थोडे सांगितले पाहिजे. डहाणू हा वाड्यांचा, बागायतींचा आणि समुद्राचा तालुका. तलासरी त्याचा शेजारी. १९६० साली भाषावार राज्ये झाली तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरी तालुका घडला. २०१४ साली हे दोन्ही तालुके ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आले. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला आणि मोठ्या कारखान्यांवर निर्बंध आले. त्यामुळे झाडे व हवा राखली गेली, हे खरे. तथापि शिकलेल्या मुलास घराजवळ काम मिळणे कठीणच राहिले. वापी, बोईसर, मुंबई, आणि आता त्याही पलीकडे, अशी वाट पडली. अलीकडे बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग ह्यांसाठी दोन्ही तालुक्यांतील जमिनी संपादित झाल्या व काही घरांत मोबदल्याची रक्कम एकदम आली. पिढ्यान् पिढ्या हाती न आलेला पैसा घरात आला, की त्याचा वास दूरवर जातो. परदेशी प्रवेश मिळवून देणारे सल्लागार आपल्या दारी का येऊ लागले, ह्याचे एक कारण आम्हांस हेच दिसते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या ज्ञातिसंस्था आज परदेशगमनासाठी कर्ज देतात, त्यांच्याच मागच्या पिढ्या समुद्र ओलांडणाऱ्यास वाळीत टाकीत. परत आलेल्याने प्रायश्चित्त घेतल्यावाचून पंगतीत बसावयाचे नाही, असा एकोणिसाव्या शतकात अनेक ज्ञातींत दंडक होता. त्या काळी विलायतेस जाणाऱ्याला विद्यापीठ निवडण्याआधी आपली माणसे राहतील की जातील, हे निवडावे लागे.

त्या काळातील पहिले ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी ह्यांचे. १८६५ साली जन्मलेल्या ह्या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले. यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते. पत्नीस शिकविण्याचा त्यांना ध्यास होता व पुढे त्यांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्यास साहाय्यासाठी पत्र लिहिले. ते पत्र तेथील एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर ह्या बाई दाताच्या डॉक्टरांकडे बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी पत्र धाडले, आनंदीबाईंनी उत्तर दिले आणि ओळख वाढत गेली. अमेरिका निवडली गेली ती अशा रीतीने.

पण देश ठरला म्हणजे विद्यालय ठरले असे नव्हे. आनंदीबाईंना वैद्यक शिकावयाचे होते. हिंदुस्थानात मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता. मग इतक्या दूर का जावे, असे लोक विचारीत. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण करून ह्याच प्रश्नास उत्तर दिले. अठराव्या वर्षातील मुलगी सभेत उभी राहून आपण कोठे शिकणार व का शिकणार हे सांगते, ही गोष्ट आजही नवल वाटावे अशी आहे. आमच्या समितीपुढे येणारे कित्येक पदवीधर तरुण ह्या प्रश्नाला वडिलांच्या तोंडाकडे पाहतात!

त्यांनी पत्करले ते फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. ते १८५० साली स्थापन झाले होते व केवळ स्त्रियांना पूर्ण वैद्यक शिकविणाऱ्या जगातील आरंभीच्या संस्थांपैकी होते. परिचयातील एका डॉक्टर दांपत्याने ते सुचविले होते. आनंदीबाईंनी तेथील अधिष्ठात्या रेचल बॉडली ह्यांना स्वतः पत्र लिहिले आणि प्रवेश मिळविला. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली, पण क्षयाने शरीर पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांनी देह ठेवला.

आनंदीबाईंच्या निवडीत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. विद्यालय निवडण्याची रीत उत्तम होती. काय शिकावयाचे हे आधी ठरले, ते शिकविणारी संस्था मग शोधली, तेथील प्रमुखांशी स्वतः पत्रव्यवहार केला आणि त्या देशात घरचे म्हणावे असे एक माणूस अगोदर जोडून ठेवले. मात्र हवा, अन्न आणि राहण्याची जागा ह्यांचा हिशेब पुरेसा झाला नाही, किंवा त्या काळी तो होणे शक्यच नव्हते. तिकडची थंडी आणि बदललेला आहार त्यांच्या प्रकृतीस सोसला नाही. आज मुलाला कॅनडात पाठविणारा पालक शुल्काचा कागद चार वेळा वाचतो. जानेवारीत तेथे पारा कोठे जातो आणि मुलगा कोणाच्या घरी उतरणार आहे, हे मात्र आम्ही विचारले की त्याच्या ध्यानात येते.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई विलायतेस गेल्या. त्यांचाही मनोदय वैद्यक शिकण्याचा होता. तथापि श्रवणदोषामुळे तो सोडावा लागला आणि त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात अध्ययन-अध्यापन करू लागल्या. १८८६ साली आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेत हजर होत्या. ठरविलेला अभ्यासक्रम मोडला म्हणून त्या रिकाम्या हाती परतल्या नाहीत, एवढे येथे नोंदविणे पुरे.

रखमाबाईंची हकीकत आपल्या वाचकांना अधिक उपयोगी पडेल. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या ह्या बाई १८८९ साली लंडनच्या स्त्री-वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. शिक्षण लंडनला झाले, पण वैद्यकीचा परवाना १८९४ साली स्कॉटलंडच्या वैद्यमंडळांची परीक्षा देऊन मिळाला. शाळा एकीकडे आणि परवाना दुसरीकडे, अशी ती व्यवस्था होती. आधी विचारून घेतल्यामुळे तीत फसगत नव्हती. पुढे त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या. मुंबईहून सुरतेस जाणारी गाडी आपल्या डहाणूवरूनच जाते. डहाणू रोडच्या फलाटावर चिकूच्या पेट्या चढविताना आमच्यापैकी कितीजणांस रखमाबाई आठवतात कोण जाणे!

आज वैद्यकासाठी परदेशी जाणाऱ्याने ही गोष्ट गाठीस बांधावी. तेथील पदवी मिळाली म्हणजे येथे दवाखाना घालता येतो, असे नाही. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच संस्थेत १२ महिन्यांची उमेदवारी व्हावी लागते, त्या देशात वैद्यकी करण्यास ती पदवी पात्र असावी लागते, आणि परत आल्यावर येथील परीक्षा उतरावी लागते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी अर्ध्यावर परतले. पुढचे शिक्षण कोठे व कसे पुरे करावयाचे, ह्या विवंचनेत त्यांचा किती काळ गेला, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे.

रँग्लर परांजपे ह्यांच्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांची निवड सरळ होती. दापोलीजवळच्या मुर्डीचे हे विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. गणितात ज्या परीक्षेचा मान सर्वांत मोठा, ती केंब्रिजला होती, म्हणून केंब्रिज. खर्च सरकारचा. येऊन काय करावयाचे, तर फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवावयाचे, हेही ठरलेले. असे सर्व धागे जुळून येणारी निवड शतकात एखाद्याचीच. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ह्यांचे उलट झाले. त्यांस क्रांतिकार्यासाठी सैनिकी शिक्षण हवे होते. अमेरिकेत पोचल्यावर ते सैनिकी शाळेत शिकले खरे, पण पुढे ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील कृषिमहाविद्यालयांत शेतीशास्त्राकडे वळले व अखेरीस मेक्सिकोत नामवंत कृषितज्ज्ञ म्हणून गाजले. आपल्या वाडीवाल्या घरांनी एवढे ध्यानात घ्यावे, की अमेरिकेची ती सरकारी कृषिविद्यालये नावाने झगमगीत नव्हती, पण त्यांनी दिलेल्या विद्येवर मेक्सिकोतील मक्याचे संशोधन उभे राहिले.

आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे येऊ. विद्यापीठाची निवड आणि पैशाची अट ह्यांचे नाते त्यांच्या चरित्रात जितके उघड दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले, त्यांत ते निवडले गेले. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदे सरकारची दहा वर्षे चाकरी, ह्या त्या अटी. म्हणजे अमेरिका हा देश दात्याच्या योजनेतून आला होता. पण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर तेथे काय घ्यावयाचे, हे त्यांचे त्यांनी ठरविले. अर्थशास्त्रात सेलिग्मन, तत्त्वज्ञानात ड्यूई, असे गुरू त्यांनी जोडले. तीन वर्षांची शिष्यवृत्ती म्हणजे तीन वर्षांची पदवी असे न मानता, जेवढ्या विषयांच्या व्याख्यानांस बसता येईल तेवढ्यांस ते बसले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींविषयी त्यांनी वाचलेला निबंध त्या वर्गातूनच निघाला.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्राच्या 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. हे नगर त्यांनी का निवडले? त्यांचा अभ्यास हिंदुस्थानच्या सरकारी अर्थव्यवहाराचा होता आणि त्या व्यवहाराचे कागद लंडनच्या इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात होते. ज्या गावी आपल्या विषयाची दप्तरे आहेत त्या गावी जावे, हा विचार आजच्या माहितीपुस्तिकांत आम्हांस कोठे आढळला नाही.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली व काम अर्ध्यावर टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेले ग्रंथ महायुद्धात समुद्रात बुडाले. कराराप्रमाणे बडोद्यास चाकरीवर गेले, तर अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले आणि नोकरी सोडावी लागली. दात्याने शिक्षण दिले, पण ज्या समाजात ते वापरावयाचे त्याने दार लावून घेतले! ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे.

तरी त्यांनी लंडन सोडले नव्हते. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापक म्हणून काम करून पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य झाले आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने कर्ज दिले. हा स्नेह कोलंबियाच्या वसतिगृहातला. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्‌सी. मिळाली. कोलंबियाची पीएच्. डी. प्रबंध छापून दिल्यावर १९२७ साली हाती आली. म्हणजे १९१३ मध्ये आरंभिलेली विद्या पुरी व्हावयास चौदा वर्षे लागली. शिष्यवृत्ती किती मिळणार हे सर्वजण विचारतात. ती कधी संपणार, संपल्यावर काय, आणि अर्ध्यावर उठावे लागल्यास विद्यापीठ जागा राखून ठेवते काय, हे फार थोडे विचारतात.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. पती दिनकर कर्वे जर्मनीत शिकून आले होते, त्यामुळे देशाची माहिती घरातच होती. सासरे अण्णासाहेब स्त्रीशिक्षणाचे महर्षी, पण सुनेच्या ह्या बेतास त्यांची संमती नव्हती असे सांगतात. पैसा जीवराज मेहता ह्यांच्याकडून कर्जाऊ मिळाला. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या मताचे होते. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा वंशाशी संबंध जोडता येईल, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे लिहिले. १९३० मध्ये त्यांस पदवी मिळाली. नामवंत गुरू निवडावा, पण त्याच्या मताचे ओझे वाहू नये, हे त्या करून दाखवून आल्या. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिक्षणशुल्क नाही किंवा नाममात्र आहे. राहण्याच्या खर्चाची रक्कम मात्र आधीच तेथील खात्यात अडकवून ठेवावी लागते. हे आपल्या मध्यम स्थितीच्या घरांस अजून पुरते ठाऊक नाही.

ह्या मालिकेतील शेवटचे नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, ह्यांचे. आपल्या किनाऱ्याशी त्यांच्या विद्येचा संबंध आला, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवूनही बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रथम नाकारण्यात आले. त्यांनी हट्ट सोडला नाही व अटींवर प्रवेश मिळविला. १९३७ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या. जीवरसायनशास्त्रातील हॉपकिन्स ह्यांची प्रयोगशाळा त्या काळी जगात अग्रगण्य मानली जाई. केंब्रिज हे नाव मोठे होतेच, पण बाईंस हवी होती ती ही प्रयोगशाळा. तेथे जागा भरलेल्या होत्या. तेव्हा रिक्टर नावाच्या एका संशोधकाने आपले मेज दिवसा त्यांस वापरू दिले व स्वतः रात्री काम करण्याचे पत्करले, असे सांगतात. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते, असे त्यांनी दाखविले. १९३९ साली अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधास पीएच्. डी. मिळाली.

परत आल्यावर कालांतराने त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या व तेथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह नीरेचा अभ्यास केला. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या सूचनेवरून हे काम हाती घेतले गेले होते. ताडा-शिंदीच्या झाडाची पहाटेची ताजी नीरा कुपोषित आदिवासी मुलांस व गरोदर स्त्रियांस पोषक ठरते, असा निष्कर्ष निघाला आणि त्या कामास राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. डहाणूस खादी-ग्रामोद्योगाचे ताडगूळ व नीरा ह्यांचे प्रशिक्षण केंद्र कित्येक वर्षे चालले आहे, हे आपणांस माहीत आहे. तलासरीच्या पाड्यापाड्यांवर शिंदीची झाडे आहेत. केंब्रिजच्या मेजावर शिकलेली विद्या ज्या रसाच्या परीक्षणास लागली, तो रस आमच्या कुंपणावरच्या मडक्यात थेंब थेंब पडत होता.

येथे एक आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. ताराबाई मोडक तर कोठेही परदेशी विद्यापीठात गेल्या नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर, गिजुभाई बधेका ह्यांच्यासोबत काम करून त्यांनी बालशिक्षण उभे केले. १९४५ मध्ये बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, इटलीच्या माँटेसोरीबाईंची पद्धती त्यांनी शंख-शिंपले, बिया आणि पाने ह्यांवर उतरविली. बाहेरची विद्या घरी आणण्यास प्रत्येक वेळी जहाजात बसावे लागतेच असे नाही. समितीकडे येणाऱ्या प्रत्येक पालकास आम्ही प्रथम हेच विचारतो, की हा अभ्यासक्रम दापोलीस, मुंबईस, पुण्यास किंवा बंगलोरला मिळत नाही काय?

आता क्रमवारीविषयी. वरीलपैकी कोणाच्याही काळी जगातील विद्यापीठांची क्रमवार यादी नव्हती. शांघायच्या एका विद्यापीठाने २००३ साली पहिली मोठी जागतिक यादी काढली आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडातून दुसरी निघाली. म्हणजे हे शास्त्र पुरते पंचवीस वर्षांचेही नाही. ह्या याद्यांत संशोधनलेख मोजतात आणि इंग्लंडातील यादीत जगभरच्या अध्यापकांच्या मतास मोठे वजन असते. एखाद्या विशिष्ट विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम कसा शिकवितात, हे त्यांतून कळत नाही. तथापि त्यांकडे पाठ फिरविताही येत नाही, कारण सरकारने त्या नियमांत घेतल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग व अन्य घटकांसाठीही राज्याच्या योजना आहेत, आणि केंद्राची परदेश शिष्यवृत्ती तर १९५४-५५ पासूनची. अशा योजनांत जागतिक यादीतील अमुक क्रमांकाच्या आतीलच विद्यापीठ चालेल, अशी अट घातली जाते. हा आकडा व उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. सयाजीरावांच्या करारात दहा वर्षांची चाकरी होती, आजच्या करारात क्रमांक आहे. दात्याची अट तेव्हाही होती, आताही आहे.

ह्याउलट स्वतःच्या पैशाने जाणाऱ्यास कोणाचीच अट नसते, आणि धोका तेथेच अधिक. २०११ साली कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाचे विद्यापीठ अमेरिकन सरकारने बंद केले. ते नावापुरते विद्यापीठ होते, आणि त्यात अडकलेल्यांत बहुसंख्य आपले भारतीय विद्यार्थी होते. कित्येकांच्या पायांत हालचाल कळविणारी यंत्रे बांधली गेली.

आमची स्वतःची चूक इतकी भयंकर नव्हती, पण ती आमची होती. काही वर्षांपूर्वी तलासरीकडील एका सभासदाची जमीन रस्त्यात गेली व मोबदला आला. मुलगा स्थापत्य अभियंता. एका सल्लागाराने इंग्लंडातील एक वर्षाचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुचविला. सल्लागारास विद्यापीठाकडूनच दलाली मिळते, हे त्या वेळी आमच्या गावीही नव्हते. कागदावर लंडन हा शब्द दिसला. आम्ही क्रमांक पाहिला नाही, अभ्यासक्रम पाहिला नाही, शिकविणाऱ्याचे नाव तर नाहीच नाही. बँकेसाठी शिफारसपत्र दिले व ज्ञातिनिधीतून बिनव्याजी रक्कमही दिली. मूळ विद्यापीठ दूरच्या गावी होते. लंडनमध्ये त्याने एका इमारतीचे दोन मजले भाड्याने घेतले होते व मुलगा तेथे शिकला. पदवी खरी मिळाली. परत आल्यावर तिला कोणी विचारले नाही. आज तो वापीकडे एका ठेकेदाराकडे जे काम करतो, ते त्यास जाण्यापूर्वीही मिळाले असते. मोबदल्यातील उरलेले पैसे हप्त्यांत गेले. गेल्या वार्षिक सभेत वडील भेटले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुम्ही सही केलीत, म्हणून मीही केली."

तेव्हापासून शिफारसपत्राची आमची रीत बदलली आहे. अभ्यासक्रमात कोणते विषय, कोण शिकवितो, वर्ग कोणत्या इमारतीत भरतात, मागील तुकडीतील दोन विद्यार्थी कोठे काम करतात आणि पैसा संपल्यास दुसरी सोय काय, ह्यांची लेखी उत्तरे विद्यार्थ्याने स्वतः मिळवून आणावयाची. सल्लागाराने आणलेली चालत नाहीत.

यंदा घोलवडकडील एका सभासदाची कन्या आली आहे. दापोलीच्या कृषिविद्यापीठाची पदवीधर. तिला फळे काढल्यानंतर ती टिकविण्याचे शास्त्र शिकावयाचे आहे. डहाणू-घोलवड चिकूस २०१६ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले, पण पिकलेला चिकू चार दिवसांपुढे तग धरीत नाही ही अडचण चिन्हाने सुटलेली नाही. तिच्या हाती दोन प्रवेशपत्रे आहेत. एक मोठ्या राजधानीतील, घराघरात ठाऊक असलेल्या नावाच्या विद्यापीठाचे. तेथील अभ्यासक्रम अन्नव्यापाराचा आहे. दुसरे हॉलंडमधील वाखेनिंगेन ह्या लहान गावचे. काही एकूण याद्यांत ते पहिल्या शंभरांबाहेर असते, पण शेतीच्या विषयात कित्येक वर्षे जगात पहिले गणले गेले आहे. मुलीने तेथील एका अध्यापिकेस पत्र लिहून उष्ण प्रदेशातील फळांवर काम करता येईल काय असे विचारले. उत्तर दोन परिच्छेदांचे आले आणि ते तिने समितीस वाचून दाखविले.

समितीत एकमत झालेले नाही. आमचे कोषाध्यक्ष म्हणतात, उद्या लग्नाच्या बोलण्यात वाखेनिंगेन हे नाव कोणास उच्चारताही येणार नाही! शिष्यवृत्तीचा निकाल लागावयाचा आहे. वडील वाडी गहाण टाकण्यास तयार नाहीत आणि आम्हीही तसे सुचविलेले नाही. दोन हंगामांचे उत्पन्न व ज्ञातिनिधीचे कर्ज मिळून पहिल्या वर्षाचे किती भागते, ह्याचा तक्ता मुलगी करून आणणार आहे. समितीची बैठक पुढील रविवारी दुपारी तीन वाजता आहे. ज्या सभासदांची मुले हॉलंडमध्ये राहिलेली आहेत, त्यांनी तेथील घरभाड्याची खरी माहिती त्यापूर्वी आमच्याकडे पोचती करावी.